मर्लची भाडेकरू

गेल लिंडनर आमच्या गावात आली तेव्हा तिच्या गाडीत एक म्हातारा कुत्रा होता, दोन सुटकेस होत्या आणि खेकडे धरायची जाळी होती. ती चॅपलमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या मर्ल पेंगेलीच्या घरी उतरली आणि तिथेच राहिली. गावाने विचारलं, ही कोण? मर्ल म्हणाली, भाडेकरू. विषय संपला. मर्लच्या घरात झोपायच्या खोल्या दोन, त्यातली एक शिवणाच्या मशीनने आणि गीतांच्या पुस्तकांनी छतापर्यंत भरलेली. हे गावातल्या एकूण एक बाईला माहीत होतं, कारण चॅपलचे, म्हणजे आमच्या लहानशा चर्चचे, पडदे शिवायला आम्ही सगळ्या त्याच खोलीत जायचो आणि बसायला जागा मिळायची नाही. तरी पंचवीसेक वर्षं आम्ही गेलला भाडेकरूच म्हणत आलो. हा आपला चांगुलपणा आहे अशी आमची समजूत होती.

पोर्ट ट्रेनान्स हे तांब्याच्या खाणींचं गाव. खाणी माझ्या आजोबांच्या काळातच बंद पडल्या, आता नुसती बार्लीची शेतं आणि समुद्र. पण खाणी खणायला समुद्रापलीकडच्या कॉर्नवॉलहून जी माणसं आली होती त्यांची दोन व्यसनं आमच्या अंगात उरली आहेत: पेस्ट्या आणि चार आवाजांतलं गाणं. पेस्टी म्हणजे मांस, बटाटा, कांदा आणि सलगम भरून भट्टीत भाजलेली, तळहाताएवढी करंजी. तिच्यात गाजर घालावं की नाही, या प्रश्नावर आमच्या चॅपलच्या मंडळीच्या तीन सभा झाल्या आणि एक मैत्री तुटली. मी गाजराच्या विरुद्ध होते. अजूनही आहे.

त्या सभा तीन का झाल्या ते सांगते. आमच्या चर्चमध्ये हात वर करून मतं मोजत नाहीत. प्रत्येकाच्या हातात पुठ्ठ्याचे दोन पत्ते देतात, एक नारिंगी, एक निळा. कोणी बोलत असताना तुमचं मन त्याच्या बाजूने उबदार असेल तर नारिंगी पत्ता छातीशी धरायचा. थंड असेल तर निळा. आणि निळे पत्ते थोडेच आहेत म्हणून त्यांच्या अंगावरून पुढे जायचं नाही. थांबायचं, विचारायचं, ऐकायचं, आणि निळा धरलेला माणूस स्वतः "जाऊ द्या पुढे" म्हणेपर्यंत खुर्चीत बसून राहायचं. बाहेरच्यांना हा पोरखेळ वाटतो. गाजराच्या वेळी मलाही वाटला होता.

आमच्यात निळा पत्ता विल्फ ट्रेझीसचा. नव्या गीतपुस्तकाला निळा, मायक्रोफोनला निळा, चहाबरोबर बिस्किटं विकतची आणायला निळा. जन्मभर बार्ली पेरली, साठ वर्षं चॅपलमध्ये बायबल वाचून दाखवलं, पाद्री नसेल त्या रविवारी उपदेशही केला. चॅपलच्या मोठ्या दाराची किल्ली त्याच्याकडे असते. लोखंडाची, वीतभर लांब. स्वयंपाकघराची माझ्याकडे. लहानपणी आम्ही एकाच संडे स्कूलला होतो आणि तेव्हापासून भांडतो आहोत.

मध्यंतरी सरकारने घरोघर पाकिटं पाठवून अख्ख्या देशाला विचारलं की बाईने बाईशी, पुरुषाने पुरुषाशी लग्न केलेलं चालेल का. देश "हो" म्हणाला, आमचा भागही म्हणाला. बेकरीवाल्याने खिडकीत सात रंगांची पताका लावली, आणि ज्या म्हाताऱ्यांनी "नाही" लिहून पाठवलं होतं ते तिच्याखालूनच रोजचा पाव घेऊन गेले. कायदा बदलला. मग आमच्या चर्चच्या वरच्या मंडळींनी प्रार्थना करून, भांडून, पुन्हा प्रार्थना करून ठरवलं की लग्नाबद्दल दोन्ही मतांना आपल्यात जागा आहे. आपापल्या चॅपलमध्ये काय करायचं ते ज्याच्या त्याच्या मंडळीने बघावं. आमची मंडळी वर्षभर मूग गिळून बसली. कोणी विचारलंच नाही, तर ठरवायचं कशाला?

विचारलं ते मर्लने. आम्ही पेस्ट्या भरत होतो, ती काठी टेकत आली. तिच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झाले होते.

"एव्हिस, मला लग्न करायचंय."

"कोणाशी गं?" मी म्हणून गेले. पंचवीस वर्षांची सवय.

मर्लने माझ्याकडे असं बघितलं की माझ्या हातातली पारी तशीच राहिली. "भाडेकरूशी," ती म्हणाली.

मग ती स्टुलावर बसली आणि सगळं सांगितलं. शहरातल्या हॉस्पिटलात तिला आत नेत होते तेव्हा नर्सने गेलकडे बघून विचारलं, या तुमच्या कोण?

"आणि माझ्या तोंडून काय निघालं, सांगू? भाडेकरू. विचारही केला नाही मी. पोरगी बिचारी म्हणाली, मग त्यांनी बाहेर बसावं. तिची काय चूक? गेल उठली आणि गेली बाहेर. मी शुद्धीवर आले तर अजून बाहेरच बसलेली, टोपी मांडीवर घेऊन. घरी येताना म्हणते काय, तिथली कॉफी फार वाईट होती. बस. एवढंच."

"मग करा की लग्न. समुद्रावर करा. आता कोण अडवतंय?"

"गेलही तेच म्हणते. समुद्र, बिअर, खेकडे." मर्लने डोळे पुसले, माझ्या पिठाने माखलेल्या ॲप्रनने, त्यामुळे आणखीच झोंबले. "पण हा शब्द मी तुम्हा लोकांच्या तोंडी घातलाय. याच चॅपलच्या दारात उभी राहून घातलाय. तो मला इथेच काढायचाय, तुमच्यासमोर. नाहीतर नको मला लग्न. आणि ऐक, कोणाला रेटून नको. एकाने जरी निळा धरून ठेवला तर मी दर रविवारी येईन, ऑर्गन वाजवीन, आणि हा विषय पुन्हा काढणार नाही."

"एकाने म्हणजे विल्फने."

"विल्फने," ती म्हणाली.

मी ॲप्रनसकट निघाले. विल्फ चॅपलच्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालत होता.

"तुला कळलं असेल," मी म्हटलं.

"तुमच्या स्वयंपाकघरात बातमी शिजली की वास इथपर्यंत येतो."

"मग?"

"मग काय? पाकीट आलं तेव्हा मी 'नाही' लिहिलं. बायबल बदललं नाही, मीही बदललो नाही."

"आणि मर्ल? चाळीस वर्षं वाजवते आहे ती इथे. तुझ्या पोरींच्या लग्नात वाजवलं, तुझ्या ग्वेंडाला शेवटचं पोचवताना वाजवलं. सगळ्या गावाची लग्नं तिने लावायची आणि तिचं मात्र—"

"मर्ल चांगली बाई आहे," विल्फ म्हणाला. "तिची भाडेकरूही चांगली आहे."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "भाडेकरू म्हणे! त्या घरात खोल्या किती आहेत, ठाऊक आहे का तुला?"

"त्यांचं छप्पर मी दुरुस्त केलंय, एव्हिस," तो म्हणाला. "मला खोल्या ठाऊक आहेत."

आणि पुन्हा तेल घालायला लागला. अशा माणसाशी भांडण करणंही अवघड असतं. मी पाय आपटत परत आले आणि त्या दिवशीच्या पेस्ट्यांत मीठ दुप्पट पडलं.

सभा रविवारच्या प्रार्थनेनंतर मागच्या हॉलमध्ये भरली. किर्स्टन, आमची पाद्री, वयाने माझ्या नातीएवढी. तीन गावांची चॅपलं सांभाळते आणि तिची गाडी कायम धुळीने माखलेली असते. तिने पत्ते वाटले. मर्ल पहिल्या रांगेत बसली. गेल दाराजवळ उभी होती.

"गेल, तू बस ना," किर्स्टन म्हणाली.

"मी बाहेर थांबते. मला सवय झालीय बाहेर बसायची," गेल हसत म्हणाली. तिचा स्वभावच तसा, सगळ्याची चेष्टा. पण कोणी हसलं नाही. मर्लने शेजारच्या खुर्चीवर हात ठेवला आणि तिच्याकडे बघत राहिली. गेल आली आणि बसली.

मर्लने मला सांगितलं होतं तेच सगळ्यांना सांगितलं. नर्स, खुर्ची, वाईट कॉफी. ती खाली बसेपर्यंत हॉलमध्ये नारिंगी पत्ते वर आले होते, इतके की मला धक्काच बसला. ज्या बायकांनी पाकिटात काय लिहिलं असेल याबद्दल मला जराही शंका नव्हती, त्यांच्याही छातीशी नारिंगी. निळे सुरुवातीला चार-पाच दिसले. किर्स्टनने एकेकाला बोलायला लावलं. एकजण म्हणाली, मला लग्न चालेल पण चुंबन नको. गेल म्हणाली, "ठीक आहे, तुझं घेणार नाही." हॉल हसला, ती बाईही हसली, आणि तिचा पत्ता बदलला. होता होता एकच निळा उरला. विल्फने तो दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

"विल्फ," किर्स्टन म्हणाली, "तुमचं म्हणणं ऐकलं गेलं असं वाटतं का तुम्हाला?"

"मी अजून बोललोय कुठे?"

तो उभा राहिला. मर्लचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. तिचं सगळं त्या निळ्या पुठ्ठ्यावर अडकलं होतं आणि ते हॉलमधल्या प्रत्येकाला कळत होतं.

"माझा पत्ता निळा आहे आणि निळाच राहील," विल्फ म्हणाला. "बायबलात मला जे दिसतं ते मी तुम्हाला वाचून दाखवत आलो. आता म्हातारपणी मला तिथे वेगळं काही दिसायला लागलंय असं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं होईल. ज्यांना दिसतं त्यांनी तसं वाचावं.

"पण दुसरीही एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. माझं बाक ऑर्गनच्या समोर आहे. दर रविवारी ही भाडेकरू तिथे उभी राहून मर्लची पानं उलटते. हिला सुरांचा एक ठिपका वाचता येत नाही—"

"थोडे येतात," गेल म्हणाली.

"एक येत नाही. पान कधी उलटायचं ते हिला पुस्तकातून कळतच नाही. ही मर्लच्या हनुवटीकडे बघत असते. हनुवटी एवढीशी हलली की ही पान उलटते. इतक्या वर्षांत कधी चुकली नाही. कधी नजर दुसरीकडे गेली नाही. मी उपदेश करत असलो तरी ही हनुवटीकडेच बघते, आणि मला त्याचं वाईटही वाटलेलं आहे."

कोणीतरी हसलं.

"ग्वेंडाने आणि मी पन्नास वर्षं संसार केला. चांगला केला. ती जेवताना मला काही सांगायची आणि मी बार्लीचा भाव वाचत असायचो. मी कधी तिच्या हनुवटीकडे बघितलं नाही. आज कशी होती ते आठवायला बसलो तर..." त्याने पत्ता एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "तर ते असू द्या. मी ज्याला लग्न म्हणतो ते हे नाही. पण हे काय आहे ते मला ओळखू येत नाही, असं मी देवापुढे उभं राहून म्हणू शकत नाही. तेव्हा माझा निळा निळाच धरा, आणि जाऊ द्या पुढे. दार माझ्याकडे आहे. त्या दिवशी मी ते उघडीन. आत बसणार नाही. पोर्चमध्ये बसेन."

तो खाली बसला. मर्लने विचारलं, "विल्फ, तू चॅपल सोडून तर जाणार नाहीस ना?"

"जाऊ कुठे? किल्ली माझ्याकडे आहे."

मला त्याचा राग होता, तो त्या खुर्चीतच कुठेतरी राहिला. आपलं मत बदलून दुसऱ्याला वाट देणारी माणसं मी पाहिली आहेत. ते चांगलंच असतं. पण मत जराही न सोडता वाट देणं, आणि वर आपल्या संसाराचं उणं सगळ्यांसमोर उघडं करणं, हे मला जमलं नसतं. गाजराच्या बाबतीतसुद्धा जमलं नव्हतं.

लग्न सुगी आटोपल्यावर, ऊन उतरलं तेव्हा ठरलं. आमची मंडळी एखाद्या कामाला लागली की मग बघायला नको. फुलं कोणी करायची, खुर्च्या कोणी मांडायच्या, चहाचं मोठं भांडं कोण तापवेल, सगळं ठरलं. गेलला पेस्टीत गाजर आवडतं असं निघालं. मी दातओठ खाऊन निम्म्या पेस्ट्यांत गाजर घातलं, आणि त्यांच्या कडेला वेगळी मुरड घातली, म्हणजे शहाण्या माणसांना ओळखू याव्यात. आदल्या गुरुवारी तालीम झाली. किर्स्टनने गेलला दारातून पुढपर्यंत चालवलं. मर्लच्या जागी मी चालले, कारण मर्ल ऑर्गनवर होती. तालीम फार छान झाली. मर्लने निघताना त्या दिवसाची गीतं पुस्तकात उघडून ठेवली, बाक आपल्या उंचीला लावलं, आणि आम्ही सगळे समाधानाने घरी गेलो.

लग्नाच्या दिवशी विल्फने सकाळीच दार उघडलं. कोट, टाय, बूट लखलखीत. पोर्चमधल्या बाकड्यावर किल्ली मांडीवर घेऊन बसला, आणि येईल त्याला "आत जा, आत जा, वारा येतोय," म्हणत राहिला.

मंडळी आली तेवढ्यानेच पुढची बाकं भरली. मग मागून जी माणसं यायला लागली ती चॅपलमध्ये कधी न दिसणारी. तिशी-चाळिशीची, कडेवर पोरं असलेली, शेतातल्या बुटांवरच आलेली. गेल शाळेची बस चालवायची, आणि ही सगळी त्या बसमधून शाळेत गेलेली होती. त्यांच्यासाठी ती कधी भाडेकरू नव्हतीच, ती गेल होती. पावसात त्यांच्यासाठी दोन मिनिटं जास्त थांबणारी, बसमध्ये उलटी झाली तर आईला न सांगणारी. भिंतींना टेकून ती सगळी उभी राहिली. माझ्या मनात आलं, आम्ही हॉलमध्ये पत्ते घेऊन जे चाचपडत होतो ते या पोरांना बसमध्येच कळलं होतं.

त्या दोघी दारात आल्या. मर्लने फिकट पिवळा झगा घातला होता, काठी घरी ठेवली होती, गेलच्या हाताचा आधार घेतला होता. गेलने नवा सूट शिवून घेतला होता आणि त्यात ती बस थांब्यावर उभ्या असलेल्या नवऱ्या मुलासारखी अवघडून उभी होती. सगळे उठले. किर्स्टनने हसून ऑर्गनकडे मान हलवली.

काहीच झालं नाही.

आम्ही सगळ्यांनी ऑर्गनकडे बघितलं. पुस्तक उघडलेलं. बाक बरोबर उंचीला लावलेलं. बाकावर कोणी नाही.

चाळीस वर्षं या चॅपलमधल्या प्रत्येक लग्नाला मर्लने वाजवलं होतं. म्हणून मर्लच्या लग्नालाही मर्लच वाजवणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. मर्लसुद्धा.

"अरे देवा," मर्ल दारातून मोठ्याने म्हणाली. "थांबा, थांबा. गेल, तू चाल पुढे. मी वाजवते."

"आणि तिथे पोचून मी लग्न कोणाशी करू? किर्स्टनशी?"

सगळं चॅपल हसलं. पण मर्ल खरंच निघाली होती. तिने गेलच्या हातातून आपला हात काढून घेतला होता आणि लंगडत, भिंतीच्या कडेने, ऑर्गनकडे जायला लागली होती. पंचवीस वर्षं जसं होतं तसंच पुन्हा. ही ऑर्गनवर आणि ती कुठेतरी बाजूला. हसू विरलं. गेल दारात एकटी उभी राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावरची चेष्टाही गेली. मी ओरडणार होते, पण काय ओरडणार? आमच्यात दुसऱ्या कोणाला वाजवता येतच नव्हतं.

तेव्हा पोर्चमधून सूर आला.

एकच सूर, खर्जातला, तोंड मिटून धरलेला. चॅपलला ऑर्गन नव्हता तेव्हा खाणीतली माणसं असाच सूर द्यायची. माझ्या वडिलांना मी देताना ऐकलं होतं. विल्फ दारात उभा होता, टोपी हातात. त्याने मर्लकडे बघितलं आणि डोक्याने खूण केली: परत जा, तिच्याकडे. मर्ल थांबली. मग परत गेली आणि तिने गेलचा हात धरला.

विल्फने गीत उचललं. आमचं जुनं, सगळ्यांना पाठ असलेलं, दर नाताळाला रस्त्यावर म्हणतो ते. पहिली ओळ त्याने एकट्याने म्हटली, आपल्या फाटक्या, दमदार आवाजात. दुसऱ्या ओळीला पुरुष मिळाले. तिसरीला आम्ही बायका, वरचा आवाज आणि मधला. पण मागे दारात उभं राहून कोणाला गाणं चालवता येत नाही. पुढचे लोक मागे पडतात. गाणं ढिलं पडतंय हे विल्फला कळलं. म्हणून तो चालायला लागला. मधल्या वाटेने, टोपीने ताल देत, त्या दोघींच्या पुढे. आणि त्या त्याच्या मागून आल्या. निळा पत्ता धरलेल्या माणसाने त्यांना दारातून पाद्रीसमोरच्या टेबलापर्यंत गात आणलं. मी मधल्या आवाजात गात होते आणि रडत होते, त्यामुळे दोन्ही नीट झालं नाही.

पुढे पोचल्यावर विल्फ परत गेला नाही. ऑर्गनसमोरच्या आपल्या बाकावर जाऊन बसला.

किर्स्टनने जे विचारायचं ते विचारलं. मर्लने लगेच उत्तर दिलं, खणखणीत. मग किर्स्टनने गेलला विचारलं, आणि गेल, जिच्याजवळ प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असतं, ती नुसती मर्लकडे बघत राहिली. मग मर्लची हनुवटी एवढीशी हलली.

"हो," गेल म्हणाली.

मी विल्फकडे बघितलं. तो खाली मान घालून टोपीची शिवण चाचपत होता.

नंतर हॉलमध्ये चहा, पेस्ट्या, पोरांचा गोंधळ. मी ट्रे घेऊन फिरत होते तेव्हा विल्फ दोन ताटल्या भरून घेताना सापडला. गाजरवाल्यातून भरत होता, मुरड बघूनसुद्धा.

"काय रे," मी म्हटलं, "पत्ता बदललास वाटतं?"

"नाही. निळाच आहे."

"मग आत कशाला आलास?"

"पोर्चमध्ये वारा फार होता," तो म्हणाला, "आणि तुमच्या बायकांचा सूर दिल्याशिवाय लागत नाही."

मर्ल भिंतीजवळ बसली होती, दुखरा पाय स्टुलावर टाकून. इतकं उभं राहणं तिला झेपलं नव्हतं. विल्फने एक ताटली तिच्या मांडीवर ठेवली आणि दुसरी हातात धरून इकडेतिकडे बघितलं.

"मर्ल," तो म्हणाला, "तुझी बायको कुठाय? तिची पेस्टी गार होतेय."

आसपासच्या दोघी-तिघी बोलता बोलता थांबल्या. मी ट्रे खाली ठेवला. मर्लने भरल्या डोळ्यांनी विल्फकडे बघितलं आणि हनुवटीने दाराबाहेर खूण केली, गेलभोवती जमलेल्या बसवाल्या पोरांच्या घोळक्याकडे. विल्फने नीट बघितलं आणि ताटली घेऊन तिकडे गेला.